जेवढी चूक, तेवढं अक्षर

साकीनाक्याला मेट्रोचा जिना उतरून डावीकडे वळलं की गल्लीच्या तोंडाशी एक चौक लागतो. चौक आधीही होता, रिक्षावाले तिथे आपसांत भांडायचे. आता त्याला नाव मिळालंय. निळ्या पाटीवर मोठ्या अक्षरात ‘राष्ट्रकवी’ आणि खाली त्यांचं नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही. पाटीवर आहे तेवढं पुष्कळ झालं. आम्ही त्यांना संपादकजी म्हणायचो. कुणी तोंडावर राष्ट्रकवी म्हटलं तर ते चष्मा काढून त्याच्याकडे बघायचे आणि विचारायचे, “राष्ट्र ने कब कहा?” समोरचा हसायचा. ते हसत नसत.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं टायपिंग केलं. माझे वडील गिरणीत होते. गिरणी गेली आणि आम्ही परळहून कांजूरमार्गला आलो. मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट माझ्याकडे होतं, लिपी तर तीच, मग हिंदीला काय होतंय, अशा हिशेबाने मी त्यांच्या साप्ताहिकात गेले. आईला ते अजिबात आवडलं नाही. “तुका मराठी पेपर गावलो नाय काय गो?” असं ती पहिला महिनाभर रोज विचारत होती. दुसऱ्या महिन्यात तिने विचारायचं सोडलं आणि शेजारणींना सांगायला लागली की माझी मुलगी पत्रकार आहे.

ऑफिस म्हणजे साकीनाक्याचा एक गाळा. खाली पत्र्याला ठोके देणारं वर्कशॉप, वर आम्ही. दिवसभर पायाखालची जमीन हलायची. संपादकजींना त्याचं काही नव्हतं. ते त्या ठोक्यांवर कविता म्हणायचे. वर्कशॉपचं मशीन बंद पडलं की त्यांचीही ओळ अडायची, मग खाली वाकून ओरडायचे, “अरे भाई, चालू करो, देश रुका है.”

मुलाखतीत त्यांनी मला एक बातमी वाचायला दिली आणि विचारलं, यात चूक काय आहे. मी दोनदा वाचली, मला काही दिसलं नाही, तसं सांगितलं. ते म्हणाले, “नहीं दिखी, तो ठीक है. दिखी और नहीं बताई, तो निकाल दूँगा.” बस, एवढीच मुलाखत. उद्यापासून ये म्हणाले. हे वाक्य तेव्हा मला गमतीचं वाटलं होतं.

माणूस विक्षिप्त होता, यात शंका नाही. खादीचा कुर्ता, खिशाला कायम शाईचा डाग. डाग धुवायला गेलं तर रागवायचे, जणू ते पदक होतं. राष्ट्रगीत कुठूनही ऐकू आलं तरी उभे राहायचे, आणि आम्हालाही उभं करायचे. खालच्या वर्कशॉपमध्ये टीव्हीवर मॅच सुरू व्हायची, राष्ट्रगीत लागायचं आणि वर आमच्या हातातला वडापाव अर्ध्यावर थांबायचा. एकदा ते समोरच्या सलूनमध्ये दाढीला बसले असताना शाळेतून राष्ट्रगीत आलं. अर्ध्या चेहऱ्यावर साबण, गळ्याभोवती टॉवेल, तसेच ताठ उभे. न्हावी वस्तरा हातात धरून उभा. आम्ही वरून खिडकीतून बघत होतो आणि आम्हीही उभेच होतो, कारण खाली बसलेलं त्यांनी पाहिलं असतं तर दिवसभर बोलणी खावी लागली असती.

लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते प्रभातफेरीत गेले होते म्हणे. खांद्यावरून दिसलेला तो झेंडा आयुष्यभर त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नाही. गावाकडून मुंबईत आले, पेपरांत नोकऱ्या केल्या, मालकांशी भांडून सोडल्या आणि शेवटी स्वतःचं साप्ताहिक काढलं. मुंबईत पन्नास वर्षं काढून ते मराठी छान बोलायचे, पण चिडले की हिंदीत शिरायचे. हिंदीवरून आमची दर आठवड्याला खडाजंगी व्हायची. सगळ्या देशाने हिंदी बोलावी असं त्यांचं म्हणणं, आणि मी म्हणायचे की मग मालवणीत शिव्या कोण देणार. त्यावर ते मला पुढचा मजकूर टाइप करायला लावायचे.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच. पेपरात चूक गेली की दुरुस्ती पहिल्या पानावर, आणि चूक ज्या आकाराच्या अक्षरात छापली त्याच आकारात. बाकीचे पेपर दुरुस्ती आतल्या पानावर, मुंगीएवढ्या टायपात, शोकसंदेशांच्या शेजारी टाकतात. संपादकजी म्हणायचे, चोरी भर चौकात करायची आणि माफी संडासात मागायची, हा कुठला न्याय. जेवढी चूक, तेवढं अक्षर. एकदा आम्ही एका गृहस्थांना जिवंतपणीच श्रद्धांजली वाहिली. पुढच्या आठवड्यात पहिल्या पानावर छत्तीस पॉइंटाच्या ठळक, मोठ्या अक्षरात मथळा: ‘वे जीवित हैं’. शिवाय स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या घरी गेले. ते गृहस्थ खूश झाले, त्यांच्या बायकोने मात्र पेढे परत केले. दुसऱ्यांदा एका गल्लीत पाणी सहाला येतं असं छापलं, येत होतं साडेसहाला. तीही दुरुस्ती पहिल्या पानावर. लोक हसायचे. साकीनाक्यात त्यांना ‘भूल-सुधार’ असंच नाव पडलं होतं.

बातमी मात्र ते दोनदा तपासायचे, दोन वेगळ्या माणसांकडून. त्याबाबतीत कुणाचं ऐकायचे नाहीत. मी एकदा विचारलं होतं, कविता कशी तपासता? ते म्हणाले, कविता कसली तपासायची, ती आतून येते. आतून येणाऱ्या गोष्टीचा मला तेव्हापासून धसका आहे.

तो ऑगस्टचा सतरावा दिवस होता. अंक छपाईला जायचा दिवस. दुपारी तीनच्या सुमारास गल्लीतला एक दुकानदार धापा टाकत वर आला. मुकादम मास्तर आपल्या दुकानामागे डब्यात झेंडे जाळतायत, असं त्याने सांगितलं. स्वतः डोळ्यांनी पाहिलं म्हणाला. मुकादम मास्तर म्हणजे आमच्याच गल्लीच्या टोकाचे शिंपी. रत्नागिरीकडचे, माझ्याशी मराठीतच बोलायचे. माझे ब्लाउज त्यांच्याकडूनच शिवून घ्यायचे मी. जून-जुलैत त्यांच्याकडे गेलं तर बसायला जागा नसायची, कारण सगळीकडे भगवं, पांढरं, हिरवं कापड. शाळांचे, सोसायट्यांचे झेंडे तेच शिवायचे.

संपादकजी खुर्चीतून उठले. चेहरा लाल झाला. खाली वर्कशॉपचे ठोके पडत होते. ते उभ्या उभ्या कागदावर लिहायला लागले आणि अर्ध्या तासात कविता झाली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पहिल्या पानावर अठ्ठेचाळीस पॉइंटात घे म्हणाले. नाव ‘वह हाथ’, आणि खाली ओळ: ‘साकीनाका की एक दर्ज़ी की दुकान देखकर’. देखकर! दुकान दोन मिनिटांच्या अंतरावर होतं आणि ते पाहायला गेले नव्हते.

जिस हाथ ने ध्वज को आग दिखाई,
पूछो, वह हाथ किसका है.

खोटं कशाला बोलू, टाइप करताना माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी मनात हेही आलं की जो माणूस वर्षभर झेंडे शिवतो तो जाळेल कशाला? मी कीबोर्डवरचा हात थांबवला होता. संपादकजी पाठीमागे उभे होते, छापखान्याचा माणूस दारात ताटकळत होता. मी पुढची ओळ टाइप केली. मला दिसलं होतं आणि मी सांगितलं नाही. त्यांच्या नियमाप्रमाणे त्यांनी मला त्याच दिवशी काढायला हवं होतं, पण ते त्यांना कधी कळलंच नाही.

शुक्रवारी अंक वाटला गेला. शनिवारी पंधरावीस जण मास्तरांच्या दुकानावर गेले. दोन मशिनं रस्त्यावर आपटली, कापड गटारात गेलं. मास्तर शटर ओढून घ्यायला गेले तर कुणीतरी वरून लाथ घातली आणि उजव्या हाताची दोन बोटं शटरखाली सापडली. शिंप्याचा उजवा हात. पुढे ती बोटं कधीच नीट वळली नाहीत. कात्री धरता येईना म्हणून मास्तर नंतर नुसते टाके घालायचे, कापायला दुसरा माणूस लागायचा.

हल्ल्याची बातमी घ्यायला संपादकजी स्वतः गेले. मी बरोबर होते. मास्तर फुटक्या आरशाजवळ बसले होते, हाताला बँडेज. ते ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. ड्रॉवरमधून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी संपादकजींच्या हातात दिला. झेंड्याच्या कापडाबरोबर आलेलं ते नियमांचं पत्रक होतं. फाटलेला, मळलेला झेंडा कचऱ्यात टाकायचा नाही, खासगीत, आदराने, शक्यतो जाळून संपवायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. दर पंधरा ऑगस्टनंतर मास्तर रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करायचे आणि दुकानामागे डब्यात ठेवून जाळायचे. टोपी घालून, चप्पल काढून.

“फटा हुआ झंडा कचरे में डालूँ क्या, साहब?” मास्तर म्हणाले. “आप बोलो, मैं वैसा करता.”

संपादकजींनी तो कागद तीन वेळा वाचला. देशभक्तीवर चाळीस वर्षं लिहिलेल्या माणसाला झेंड्याचा हा नियम माहीत नव्हता आणि शिंप्याला होता. आम्ही परत आलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला मजकूर सांगितला, आणि मी तो त्याच जागी, त्याच अठ्ठेचाळीस पॉइंटात घेतला:

‘वह हाथ मास्टर का है. वे ध्वज को सम्मान दे रहे थे. नियम उन्हें मालूम था, मुझे नहीं. मैंने दुकान देखी नहीं थी. कविता झूठी है. — संपादक’

हा अंक निघाला आणि वर्गणीदार भराभर गळाले. कुणी त्यांना विकला गेलेला म्हटलं, कुणी आणखी काही. ते कुणाशी वाद घालत बसले नाहीत. मास्तरांनी ते पहिलं पान चौकटीत घालून नव्या दुकानात लावलं. नवं म्हणजे पूर्वीच्या निम्मं, एका मशिनाचं. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी ते पान वाचायला लावायचे, मग माप घ्यायचे.

त्यानंतर दर सोळा ऑगस्टला आणि सत्तावीस जानेवारीला सकाळी संपादकजी कापडी पिशवी घेऊन निघायचे. सत्तरी उलटलेला माणूस गटाराच्या कडेला वाकून झेंडे उचलायचा. रिक्षावाले हॉर्न द्यायचे, ते तिकडे लक्ष देत नसत. मग मास्तरांच्या दुकानामागे दोघं जण डब्यासमोर अनवाणी उभे राहायचे. प्लास्टिकचे झेंडे जाळले तर घाण वास सुटतो, तो काही सन्मान नाही, असं मास्तरांचं मत. म्हणून ते धुऊन आमच्या ऑफिसात टेबलाखाली पोत्यात भरले जायचे. पोतं दरवर्षी फुगत गेलं. मी एकदा मास्तरांना विचारलं, तुम्ही त्यांना माफ केलंत का. मास्तर दोरा दाताने तोडत म्हणाले, “माफ करायला वेळ देतात कुठे, बाय? दर सहा महिन्यांनी येऊन उभेच.”

इथवर ऐकून कुणाला वाटेल, वा, काय थोर माणूस. थोडं थांबा.

कविता एकदा सुटली ती सुटलीच. कुणीतरी तिला चाल लावली, कुणी मोबाईलवर फिरवली, शाळाशाळांतून ती स्वातंत्र्यदिनाला म्हटली जाऊ लागली. खालची ‘दर्ज़ी की दुकान’वाली ओळ गळून पडली, दुरुस्ती तर कधी तिच्याबरोबर निघालीच नव्हती. संपादकजी म्हणायचे, कविता के पैर होते हैं, माफी लंगड़ी होती है. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की त्यांनी ते दोन-तीन ठिकाणी वापरलं. मला तेव्हाच ते खटकलं. माफीसुद्धा त्यांनी सुभाषितासारखी करून ठेवली होती.

घाटकोपरच्या एका शाळेने त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मला म्हणाले, चल, तिथे सांगून टाकतो एकदा. शाल-श्रीफळ झालं. मग पन्नासेक मुलं रांगेत उभी राहून ‘वह हाथ’ म्हणू लागली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘पूछो, वह हाथ किसका है’ म्हणताना मुलं आपले हात वर करायची, छान बसवलं होतं बाईंनी. मी संपादकजींकडे पाहिलं. मान खाली होती, पण उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. मी पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मूठ मिटली.

ते बोट मी विसरले नाही. तेवढ्यासाठी मी त्यांच्यावर आजही रागावलेली आहे.

नंतर ते बोलायला उभे राहिले, आणि बोलले मात्र सरळ. ही कविता खोटी आहे, मी न पाहता लिहिली, एका निरपराध माणसाची बोटं गेली, मुलांना ही शिकवू नका, असं मराठीत, सगळ्यांना समजेल असं. मग मुख्याध्यापिका बाई माइकजवळ आल्या आणि म्हणाल्या, एवढा मोठा कवी आणि एवढा विनय, मुलांनो, हे आपण शिकण्यासारखं आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. संपादकजी माइक सोडेनात, पण माइक बंद झाला होता. परत येताना रिक्षात त्यांच्या मांडीवर नारळ होता. तो त्यांनी उतरताना रिक्षातच ठेवला.

शेवटची दोन वर्षं ते मुलुंडच्या आपल्या खोलीत पडून होते. बायको आधीच गेलेली, मूल नव्हतं. साप्ताहिक बंद पडलं होतं, आणि मी कांजूरला स्वतःचं छोटं डीटीपीचं दुकान टाकलं होतं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, कुणाचे फोटोवाले वाढदिवसाचे बॅनर. रविवारी त्यांना भेटायला जायचे. एका रविवारी त्यांनी माझं मनगट धरलं. आवाज बसला होता, पण शब्द नेहमीसारखे मोजून.

“कविता कहीं भी छपे, नीचे सुधार छपेगा. उसी टाइप में. वचन दो.”

मी वचन दिलं. मरणाऱ्या माणसाला वचन द्यायला काय लागतं. ते मिळाल्यावर त्यांनी मनगट सोडलं आणि पाणी मागितलं.

ते गेल्यावर बोरिवलीहून त्यांचा पुतण्या आला. फ्लॅटची दलाली करतो, बोलायला गोड. काकांना तो वर्षा-दोन वर्षांतून एकदा भेटायचा, मेल्यावर मात्र रोज काका काका. त्याने ऑफिसचा गाळा रिकामा केला. अंकांच्या फायली रद्दीत गेल्या. टेबलाखालचं पोतं मी ठेवा म्हटलं होतं, पण मी पोचेपर्यंत ते कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. आमच्या कांजूरच्या डम्पिंगवर. वारा फिरला की तिथला वास माझ्या दुकानात येतो.

वर्षभराने पुतण्या एक योजना घेऊन आला. चौकाला काकांचं नाव आणि त्याच दिवशी स्मृतिग्रंथ. साकीनाक्यापासून कांजूरपर्यंत ज्यांचा शब्द पालिकेत चालतो, त्या पुढारी साहेबांनी मनावर घेतलं होतं. टाइपसेटिंग मीच करावं, कारण काकांचं अक्षर मीच ओळखते. मला आनंद झाला, हे कबूल करते. मास्तरांना जाऊन सांगितलं तर ते मशीन थांबवून उठले आणि मला भिंतीवरच्या चौकटीपाशी घेऊन गेले. पावसाचं पाणी आत शिरून कागद तपकिरी झाला होता, अक्षरं पुसट. ‘मास्टर’ एवढंच कसंबसं वाचता येत होतं.

“हे आता कुणाला वाचता येत नाही,” मास्तर म्हणाले. “नवीन गिऱ्हाईक विचारतं, काय आहे हे. पुस्तकात येईल ना, बाय? ते पान फाडून इथे लावीन.”

मी म्हटलं, येणारच. त्याच अक्षरात.

पानं लावली. ‘वह हाथ’ एका पानावर, त्याच्या खाली दुरुस्ती, दोन्ही एकाच टायपात. प्रूफ गेलं आणि दोन दिवसांनी पुतण्या ते घेऊन आला, साहेबांना बरोबर घेऊन. दुरुस्तीवर लाल पेनाने आडवी रेघ मारलेली. पुतण्या म्हणाला की ताई, माणूस गेला, त्याची एक चूक कशाला जिवंत ठेवायची. आणि मास्तरांना तरी बरं वाटेल का, जुनं उकरून काढलेलं? साहेब खुर्चीत रेलले होते. ते दुकान बघत होते. चार महिन्यांपूर्वी रस्तारुंदीवाले येऊन माझ्या शटरवर लाल रंगाने आकडा लिहून गेले होते. त्या ओळीतली सगळी दुकानं जाणार होती.

“खूण दिसली तुमच्या दुकानावर,” साहेब उठता उठता म्हणाले. “बघू आपण, ताई.”

एवढंच. धमकी नाही, काही नाही. चहा प्यायले आणि गेले. प्रूफ टेबलावर राहिलं.

मी दोन दिवस ते तसंच ठेवलं. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला, तुझं तू बघ. आई असती तर काय म्हणाली असती ते मला माहीत होतं, म्हणून आईची आठवण काढली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी फाइल उघडली, दुरुस्तीवर कर्सर फिरवला आणि एक बटण दाबलं. पाच सेकंदांचं काम. जागा मोकळी राहिली होती, ती तशीच सोडावी असं वाटत होतं, निदान कुणी विचारेल तरी. पण पुतण्याने तिथे साहेबांचा झेंड्याला सलामी देतानाचा फोटो पाठवला. बरोबर बसला. दोन्ही वेळा, कविता छापतानाही आणि दुरुस्ती काढतानाही, हात माझेच होते.

पाडायच्या यादीतून माझं दुकान सुटलं. शटरवरचा आकडा मी रॉकेलने पुसला, तरी ऊन तिरपं पडलं की दिसतो.

नामकरण पंधरा ऑगस्टला झालं, मास्तरांच्या दुकानासमोरच. मांडव, स्पीकर, शाळेची मुलं, प्रत्येकाच्या हातात काडीवरचा कागदी झेंडा. ते झेंडे मास्तरांकडचे नव्हते, कुठून तरी गठ्ठ्याने आणले होते. मुलांनी ‘वह हाथ’ म्हटलं, हात वर करून. मास्तर दुकानाच्या पायरीवर बसले होते, हात मांडीवर. साहेबांनी भाषणात संपादकजींना तीनदा राष्ट्रकवी म्हटलं. राष्ट्राने कधी म्हटलं, हे विचारणारं कुणी नव्हतं.

पुस्तकं वाटली गेली तेव्हा मास्तरांनीही रांगेत उभं राहून एक घेतलं. चष्मा लावला, पान शोधलं. न वळणारी दोन बोटं ओळीखाली धरून सगळी कविता वाचली, खालचा फोटो बघितला. पान उलटून मागे बघितलं. मग माझ्याकडे आले.

“खाली ते होतं ना, बाय?”

मी म्हटलं, “जागा नव्हती, मास्तर.”

त्यांनी मान हलवली. पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं. त्यांना खरं काय ते कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. कळलं असणारच, फोटो काही लहान नव्हता.

कार्यक्रम संपला, मुलं पांगली आणि झेंडे रस्त्यावर पडले. मास्तर सवयीने पिशवी घेऊन आले आणि वाकून उचलायला लागले. दहाबारा झाले असतील. तेवढ्यात मांडवातले दोन कार्यकर्ते पुढे आले, पंचविशीतले, एकाच्या हातात मोबाईल, तो शूटिंग करत होता. “ओ चाचा, झेंडे कुठे नेताय?” त्याने विचारलं. “काय करणार त्यांचं?”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दुकानातल्या चौकटीकडे, मग माझ्याकडे. मी दहा पावलांवर उभी होते, हातात पुस्तकांचा गठ्ठा. मला बोलता आलं असतं. साहेब अजून मांडवात होते, पुतण्या त्यांच्या शेजारी. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून आलं ते एवढंच, की जाऊ दे रे, म्हातारे आहेत.

मास्तरांनी पिशवी उलटी केली नाही. एकेक झेंडा बाहेर काढून मांडवाच्या कडेला नीट रचून ठेवला, काड्या एका बाजूला, कागद एका बाजूला. “तुम्हीच ठेवा, साहेब,” त्या पोराला म्हणाले. आणि शटर ओढून घेऊन आत गेले.

मांडव सोडणारे आले तेव्हा ते झेंडे मी उचलले. माझ्या दुकानात टेबलाखाली पिशवी आहे. दोन सोळा ऑगस्ट होऊन गेले. कसे जाळायचे ते मला माहीत आहे, मास्तरांना इतक्या वेळा पाहिलंय. मागच्या बाजूला जागाही आहे, डबाही. दोनदा चप्पल काढून तिथवर गेले आणि परत आले. कुणी पाहिलं आणि विचारलं, तर दाखवायला छापलेलं माझ्याकडे काहीच नाही.